चौथी सीट

गेल्या श्रावणात एका सोमवारी मी घराच्या दाराला ऑफिसचं ओळखपत्र टेकवून उभी राहिले. दार उघडेना. पुन्हा टेकवलं. शेवटी सासूबाईंनीच आतून उघडलं. "किल्ली विसरलीस?" मी म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे वाटतं, आई." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि "उपास बाधला" असं निदान केलं.

ऑफिसात याला 'बर्नआउट' म्हणतात. आमच्याकडे डोंबिवलीत 'हिला जरा आराम हवा' म्हणतात आणि रविवारी पाहुणे बोलावतात. मी रीतसर माहिती काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या केली आणि बजावलं, की हा शब्द नोकरीच्या कामापुरताच वापरावा, आयुष्यात इतरत्र लावू नये. म्हणजे सीएसएमटीला मी करपलेली आणि डोंबिवलीला उतरले की ठणठणीत! त्याच वर्षीच्या सरकारी पाहणीत निघालं, की घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो हादरला. "सत्त्याण्णव? कोण करतं एवढं?"

मग ऑफिसने ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवलं. सुटल्यानंतर. हजेरी सक्तीची. वक्ते म्हणाले, काम आणि घर यांचा तोल साधा. मला तोल शिकवत होते! तिघींच्या बाकावर चौथी म्हणून मी बारा वर्षं बसतेय. एक मांडी टेकलेली, बाकीचा देह वाटेत लटकलेला, पर्सवर मेथीची जुडी, कानाला फोन, आणि फोनवर चिरंजीव: "आई, उद्या शाळेत ज्वालामुखी न्यायचाय."
"बाईंनी कधी सांगितलं?"
"सोमवारी."
तो गुरुवार होता.

तर त्या व्याख्यानापायी माझी नेहमीची गाडी गेली. पुढचीही डोळ्यांदेखत भरली. मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसले, वडापाव घेतला आणि अख्खा खाल्ला. कुणाला तुकडा द्यायचा नव्हता, चटणी तिखट आहे का हे आधी चाखून बघायचं नव्हतं. वीस मिनिटं मी समोरच्या इंडिकेटरकडे नुसती बघत होते. कुठली गाडी लागली, एकही आठवत नाही.

घरी पोचले तर नवऱ्याने कुकर लावलेला. शिट्ट्या मोजल्या नव्हत्या, त्यामुळे भाताचं खिमट झालं होतं. मुलाने ते तूप घालून दोनदा मागून घेतलं. सासूबाईंनी मिरची तळली होती. कुणी उपाशी नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. खरं सांगते, जरा अपमानच वाटला.

तेव्हापासून दर गुरुवारी मी एक गाडी सोडते. घरी सांगते, लेट होती. या कारणाची डोंबिवलीत कुणी चौकशी करत नाही. ज्वालामुखी आता बाप-लेक करतात. परवाचा पेटलाच नाही, तरी शाळेने घेतला. दोन महिन्यांत डब्यातल्या आणखी दोघी माझ्या बाकावर येऊन बसल्या. आम्ही फारसं बोलत नाही. मेथी मात्र पिशवीतून बाहेर काढायची नाही, एवढं ठरलंय.

प्लॅटफॉर्म कुठला ते विचारू नका. बाक तिघींचाच आहे आणि "सरका ना जरा" म्हणायची सवय तुम्हालाही असणार.