तोळाभर फेव्हिकॉल

२०२५मध्ये सोनं तोळ्याला लाखापार गेलं आणि नियोजित वधूंनी हाती पक्कड घेतली. पुण्याच्या रविवार पेठेतून मणी, तार, खडे आणायचे, ग्लू गन तापवायची, की कोल्हापुरी साज घरच्या घरी. त्यातले मासा-कासव पुठ्ठ्याचे, वर सोनेरी रंग. पण दागिना ठसठशीतच हवा. नाजूक खोटं लगेच ओळखू येतं, अवाढव्य खोट्याला ‘डिझायनर’ म्हणतात. नथ तर एवढी, की घास भरवताना नवरदेवाला आधी तोंड शोधावं लागतं. मांडवात आत्याबाई साज तळहातावर तोलतात, भुवई चढवतात आणि ‘हँडमेड’ ऐकताच आपल्या लेकीसाठीही सांगून ठेवतात. वाचलेले पैसे ड्रोनवाल्या फोटोग्राफरच्या खिशात जातात. मंगळसूत्र तेवढं सोन्याचंच करा. सासूबाईंना पुठ्ठा चालत नाही.