श्री. अरेका पाम यांस खुले पत्र

मुक्काम : गेटच्या उजव्या बाजूची पांढरी कुंडी, शिरूर.

स. न. वि. वि.

गेल्या आषाढात आपण सोलापूर रस्त्यावरच्या कुठल्याशा नर्सरीतून टेम्पोत उभे राहून आलात, तेव्हा आपला थाट जावयाचा होता. "उन्हात चालतं का?" असं मी विचारलं होतं. नर्सरीवाला म्हणाला, "पळतंय!" म्हणाला तेव्हा तोही आणि आपणही हिरव्या नेटच्या सावलीत होतात, हे मला फार उशिरा आठवलं.

आता वैशाख लागला आणि आपली पानं पाचटासारखी वाजतात. दोष आमचाच. मॉन्सूनचे ढग लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या वर रिते होतात, शिरूर-दौंडच्या वाट्याला पाचशेच्या आसपास उरतं. पहिल्या पंगतीलाच बासुंदी संपावी, तसं. राहिलं बोअरचं पाणी. ते बादलीला पांढरा थर चढवतं, तिथं आपल्या पानांची टोकं करपली तर नवल काय?

परवा आपल्याला कुंडीतून उपसलं. मुळांभोवती नर्सरीचा लाल मातीचा गोळा, विटेसारखा घट्ट. रोजची बादली त्याच्या कडेनं वाहून खालच्या भोकातून पसार. गोळा आतून ठणठणीत कोरडा! दहा महिने आम्ही फरशीलाच पाणी घालत होतो.

आपण मूळचे मादागास्करच्या दमट पूर्वेचे, हे मान्य. पण सदाफुलीही त्याच बेटाची. ती आमच्या ओट्याच्या फटीत, कुणी न लावता, भांडी घासताना उडेल तेवढ्या पाण्यावर गुलाबी फुलते. गुलमोहरही तिकडचाच. भावकी एक, सातबारा वेगळा!

दौंडचे आमचे साडू आपल्याही पुढे गेले. त्यांनी लॉन अंथरली. टँकर आला की आधी ती पिते, मग माणसं. गोणपाट पांघरून बसलेली हिरवळ मी त्यांच्याकडेच पहिल्यांदा पाहिली.

कुंपणाबाहेरची मंडळी मात्र अगदीच अडाणी. सीताफळ उन्हाळ्यात पानं टाकून खुशाल झोपतं. बोर ऐन उन्हाळ्यात छाटली तरी पावसाबरोबर पुन्हा फुटते. कडुनिंबाला तर चैत्रातच पालवीची घाई. ह्यांना कुंडी नाही, भाव नाही, मग मान कोण देणार?

तरी येत्या रविवारी आपली बदली न्हाणीघरामागच्या सावलीत करण्यात येत आहे. आदल्या रात्री गोळा घमेल्यात भिजवून हातानं मोकळा करू, शेणखत घालू. ऊन सकाळी आठपर्यंतचंच मिळेल.

आपल्या जागी जमिनीत कण्हेर येते आहे. तिच्या शेजारी गेल्या वर्षीचा माठ गळ्यापर्यंत पुरला आहे, तोंडावर ताटली, भोवती चार बोटं पाचट. आठवड्यातून दोनदा भरला की तो आपला झिरपत राहतो. शेळी कण्हेरीला तोंड लावत नाही, हा वरचा नफा.

पांढरी कुंडी मात्र आमच्याकडेच राहील. तिचे साडेसातशे मोजले आहेत.

आपला,
फरशीला पाणी घालणारा