मंडईच्या समस्त मतवाल्यांस



पुण्याच्या महात्मा फुले मंडईचे पुढे काय करावे, यावर आपण सर्वांनी पोटतिडकीने मांडलेली मते वाचून धन्य झालो. वाहनतळ हवा, सरकता जिना हवा, वर खाद्यपदार्थांचे स्टॉल हवेत आणि इमारतीच्या एका दगडालाही हात लागता कामा नये! या सगळ्या मागण्या पुष्कळदा एकाच गृहस्थांच्या असतात, हे विशेष.

आपल्यातल्या वारसाप्रेमींना माझा पहिला दंडवत. अष्टकोनी मनोरा खालून, वरून, पावसात, दिव्यांच्या माळांत असा सर्व अंगांनी ते टिपतात. फोटो काढून घरी पोचेपर्यंत कोथिंबिरीची जुडी मोबाइलवरून दारात आलेली असते. वारसा मंडईत आणि भाजी ॲपवर, ही वाटणी सोयीची आहे, तक्रार नाही. फक्त ही इमारत भाजी विकायला बांधली होती, एवढे एखाद्या फलकावर लिहून ठेवावे.

दुसरा दंडवत विकासप्रेमींना. जमिनीखाली मेट्रो आली, मग जमिनीवर अजून कांदेबटाटे कशाला, असे त्यांना वाटते. घाऊक बाजार गुलटेकडीला गेलाच, किरकोळही कुठेतरी जाईल. 'कुठेतरी' हा नगररचनेतला अत्यंत प्रशस्त भूखंड आहे.

मत देण्याची ही परंपरा मात्र इमारतीहून जुनी. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरे. नगरपालिकेने त्यासाठी भव्य इमारत बांधायचे मनावर घेतले, तेव्हा सभासद असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. ते ऐकून घेतले आणि इमारत बांधली. वॉल्टर ड्यूकेटचा आराखडा, वासुदेव बापूजी कानिटकरांचे बांधकाम, १८८६ साली उद्घाटन आणि नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांचे. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ते नाव उतरले आणि चढले कोणाचे? फुल्यांचे! मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही नंतर त्यांचेच नाव मिळाले. भाजीबाजारांशी जोतीरावांचे असे काय जमले, देव जाणे.

यातून मला एक कायमचा तोडगा सापडला आहे. ज्याचे ऐकायचे नसेल, त्याचे नाव दारावर कोरावे. गाळेधारकांचे म्हणणे डावलायचेच ठरले असेल, तर रिवाजाप्रमाणे नव्या दालनांना त्यांची नावे द्या. एक दालन आलं-लिंबू-मिरचीवाल्या मावशींच्या नावे आणि एक हमालांच्या.

त्यांचे म्हणणे तरी काय? ऐकून आपली निराशा होईल, कारण त्यात सौंदर्यशास्त्र औषधालाही नाही. गळणारे छप्पर दुरुस्त करा. बायकांसाठी धड स्वच्छतागृह द्या. पाटी उतरवायला टेम्पो जवळ येऊ द्या. आणि हलवायचे असेल, तर परत कधी, त्याच ओट्यावर का, भाडे किती, हे आधी कागदावर द्या. 'तात्पुरते' या शब्दाला सरकारदरबारी किती आयुष्य असते, ते त्यांना ठाऊक आहे. वरचा मजला नको, हे तर निक्षून. मेथीची जुडी घ्यायला कोणी जिना चढत नाही, सरकता असला तरी. गिऱ्हाईक उतरत्या उन्हात, चालता चालता, शेजारच्या ओट्यावरचा भाव ऐकून थांबते. हे गणित आराखड्यात बसत नाही, म्हणून आराखड्यात ते नसते.

एका मावशींना मी आपल्या चर्चेबद्दल मत विचारले. "पावशेर देऊ का अर्धा किलो?" एवढेच त्या म्हणाल्या.

तेव्हा माझी एक नम्र सूचना: यापुढे पुनर्विकासावर मत नोंदवताना सोबत मंडईतून घेतलेली अर्धा किलो भेंडी दाखवावी. भेंडी नसल्यास गवार चालेल. पार्किंगबद्दल मत असेल, तर पिशवी दोन्ही हातांत हवी. या अटीने मतांची संख्या बरीच उतरेल, विक्री थोडी चढेल आणि महापालिकेचे काम हलके होईल.

कळावे,
आपला,
भाव करून भाजी घेणारा एक पुणेकर

ता. क. कापडी पिशवी घरून आणावी. सुटे पैसेही.