नावाआधी कै.

आमच्या बॅचची स्मरणिका काढायचं ठरत होतं, तेव्हा मी दुसऱ्या चहाचं सांगायला काउंटरवर गेलो होतो. परत येऊन बघतो तर 'दिवंगत सहाध्यायी' हे पान माझ्या नावावर पडलेलं. कारणं दोन सांगण्यात आली. मी बँकेत होतो, म्हणजे खाती बंद करण्याचा मला अनुभव. आणि मी तळेगावात राहतो. निवृत्त माणूस तळेगाव दाभाड्याला हवा खायला जातो आणि हवा खाण्यापलीकडे त्याला काही उद्योग नसतो, ही पुण्याच्या लोकांची पक्की समजूत आहे.

नावं एकोणीस. समितीनं छापील नमुना करून दिला: नाव, पदवीचं वर्ष, नोकरी, छंद, स्वभाव, पश्चात परिवार. मर्यादा चाळीस शब्द. घरच्यांनी भरून पाठवलेले कागद एकेक करून आले. आलेल्यांपैकी सोळा जण मनमिळाऊ निघाले. उरलेले दोघे हसतमुख. बॅच एवढी मनमिळाऊ होती, तर १९८१ च्या गॅदरिंगला खुर्च्या मोडल्या कोणी? छंदाच्या रकान्यात वाचन आणि प्रवास. ज्याच्या प्रवासाची इतकी वाखाणणी होती तो आमच्याबरोबर रोज लोकलनं अप-डाऊन करायचा आणि पुढे जन्मभर तेच करत राहिला.

शिवाय एक तांत्रिक खोच निघाली. आमच्या पदव्यांवर 'पुणे विद्यापीठ' असं आहे. २०१४ साली विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव मिळालं, ते उत्तमच झालं. पण समितीतल्या एका काटेकोर सभासदाचं म्हणणं, सगळीकडे नवं नावच हवं. आता जो २००९ सालीच गेला त्याला हा बदल कळवायचा कसा, यावर पाऊण तास चर्चा झाली. मी तेवढ्यात भजी संपवली.

खरं तर सहाध्यायावर लिहावं कसं, याचा धडा आपल्याकडे पूर्वीच घालून दिलेला आहे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले. तिथल्या गप्पांतून शाळा काढायचं ठरलं, १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं, मग 'केसरी' आला, मग दोघांनी मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आणि एवढं झाल्यावर असे बिनसले, की एकानं 'केसरी'तून आणि दुसऱ्यानं 'सुधारका'तून एकमेकांना सोलून काढलं. आगरकरांची तर पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा काढली होती. म्हणजे श्रद्धांजलीची घाई तेव्हाही होती. १७ जून १८९५ ला आगरकर खरोखरच गेले, चाळिशीही गाठली नव्हती. अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी स्वतःच पुरचुंडीत बांधून ठेवले होते. 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडलो त्याच्यावर लिहायला बसलेल्या माणसाला स्वभावाच्या रकान्यात काय भरावं हे कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या समितीनं मात्र तो लेख 'मनमिळाऊ नव्हते' या कारणास्तव परत पाठवला असता.

संध्याकाळी फिरायला निघतो तेव्हा हे एकोणीस जण बरोबर असतात. तसं आमचं गाव माजी विद्यार्थ्यांचंच. विष्णू गोविंद विजापूरकर हेही डेक्कन कॉलेजचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात संस्कृत शिकवायचे, 'ग्रंथमाला' चालवायचे. त्यांचं समर्थ विद्यालय कोल्हापूरकडून हलत हलत तळेगावी आलं. पुढे 'विश्ववृत्त'मधल्या एका लेखापायी प्राध्यापक तुरुंगात गेले आणि १९१० मध्ये सरकारनं शाळाच बंद करून टाकली. शाळेचाच मृत्युलेख, तोही सरकारी भाषेत. सुटून आल्यावर याच गावात त्यांनी शाळेला 'नवीन' हे उपपद लावून ती पुन्हा उभी केली. नावाआधी 'कै.' लागायचं ते 'नवीन' लागलं, असं उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

इथेच १९०८ च्या सुमाराला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत गोळा केलेला तो फंड. कारखाना चालवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपान आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आलेले. मला उगाच वाटतं, एमआयटीच्या कुणा वर्गमित्राला त्यांच्याविषयी चाळीस शब्द लिहायला सांगितले असते, तर त्यात त्यानं 'तळेगाव' कसं लिहिलं असतं? स्पेलिंगमध्येच निम्मी मर्यादा संपली असती.

असो. अठरा कागद झाले. एकोणिसावा येईना. तो आमच्या लोकलमधला, वडगावहून चढणारा. माझी जागा धरून ठेवायचा आणि जागेचं भाडं म्हणून माझ्या डब्यातली पोळी खायचा. एकदा त्यानं पास संपल्याचं कोणालाच सांगितलं नव्हतं. खडकीला टीसी चढला तसा हा दुसऱ्या दारानं उतरून जो पळाला, तो एक चप्पल डब्यातच ठेवून. ती चप्पल मी वर्तमानपत्रात गुंडाळून कॉलेजात नेली. दिवसभर तो प्रॅक्टिकलला अनवाणीच, वर 'पायाला उष्णता झाली आहे' असं सरांना सांगत होता. हे स्वभावाच्या रकान्यात बसवायचं माझ्या मनात होतं. अगदी अडतीस शब्दांत बसवलंही होतं.

शेवटी घरी फोन केला. वहिनींनी उचलला. मी नाव सांगितलं, तळेगावचा म्हटलं.

"अगंबाई, भावोजी, म्हणजे तुम्हीच का ते?" त्यांच्या आवाजात एकदम हसू आलं. "खडकीला चप्पल टाकून पळालेले?"

मी गप्प.

"हे नेहमी सांगायचे. दर दिवाळीला सांगायचे. नातवंडांना तर तोंडपाठ आहे. तुमची चप्पल यांनी पेपरात गुंडाळून आणली होती ना? आणि तुम्ही सरांना काय सांगितलंत, पायाला..."

"उष्णता," मी म्हटलं.

"हो, उष्णता!" मागे कुणीतरी लहान मूल विचारत होतं, कोण आहे, कोण आहे. वहिनींनी फोन बाजूला धरून सांगितलं, "अरे, ते चप्पलवाले आजोबा!"

बराच वेळ बोललो. फोन ठेवल्यावर अडतीस शब्दांचा कागद घडी घालून खिशात टाकला, नवा नमुना काढला आणि स्वभावाच्या रकान्यात लिहिलं: मनमिळाऊ.

मग थोडा विचार करून पुढे 'अडल्यानडल्याला मित्रांच्या चपला सांभाळणारे' असंही घातलं. समितीनं अजून तरी काही कळवलेलं नाही.