दोड्डमनेत शिरण्यापूर्वी

दुःस्वप्नराज्याच्या कादंबऱ्यांत, म्हणजे शासनाची सर्व स्वप्ने पुरी झाल्याने प्रजेची झोप उडालेल्या कल्पित राज्यांच्या कथांत, दूरचित्रवाणीवरील प्राणांतिक स्पर्धेच्या पूर्वतयारीत शस्त्राभ्यासाहून शृंगाराला अधिक मान असतो. सुझान कॉलिन्स यांच्या २००८ सालच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये चोवीस किशोरवयीन स्पर्धकांना रणांगणात सोडण्याआधी न्हाऊमाखू घालून सजवतात, बारापैकी गुण देतात आणि मुलाखतीसाठी मंचावर बसवतात, कारण संकटात औषधाची डबी आकाशातून धाडणारा प्रायोजक नेमबाजीपेक्षा प्रेमकहाणीवर लवकर भाळतो.

‘बिग बॉस कन्नड’ या कार्यक्रमात, ज्याच्या घराला कन्नड प्रेक्षक ‘दोड्डमने’ म्हणजे थोरले घर म्हणतात, मरण्याची सोय नसून केवळ एलिमिनेशन, अर्थात मते कमी पडल्यामुळे होणारी हकालपट्टी आहे. पहिल्या दोन पर्वांत हे घर लोणावळ्यात होते (सीमाप्रश्नाच्या कोणत्याही निवेदनात महाराष्ट्राच्या या उपकाराची नोंद नाही), आणि २०१५ पासून ते बंगळूरुच्या आसमंतात आले. शृंगार व कहाणी यांची तयारी करून येथे येणारा स्पर्धक मात्र अर्धशिक्षितच ठरतो, कारण कादंबरीत खेळ भरवणारे शासन येथे खेळ ऐन रंगात आला असता, कोणतीही पूर्वसूचना न देता, स्वतःच आत शिरते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हळ्ळीकार बैलांचे संगोपक म्हणून ख्याती पावलेले वर्तूर संतोष गळ्यात वाघनखाचे पदक घालून पडद्यावर झळकले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण झालेल्या वनखात्याने त्यांना थेट घरातून अटक केली. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाशी पोलादी वाघनखे उसनी आणण्याचा करार करत होते, यावरून नखे कोणत्या धातूची असावीत याचे ज्ञान पूर्वतयारीत किती मोलाचे आहे ते कळते. जामीन मिळताच संतोष कोठडीतून सुटले आणि स्वखुशीने पुन्हा कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यात दाखल झाले. असा कैदी कॉलिन्स यांनाही सुचला नव्हता.

दागिने तपासून, वकिलाचा सल्ला घेऊन आलेल्या पुढच्या स्पर्धकांचाही घात सांडपाण्याने केला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आदेशावरून बिडदीतील जॉलीवूड स्टुडिओला, म्हणजे ज्याच्या आवारात हे घर होते त्या संकुलाला, आवश्यक परवानगी नसल्याच्या व सांडपाण्याची विल्हेवाट नीट लावत नसल्याच्या कारणावरून टाळे ठोकण्यात आले. एका मताचीही मोजणी न करता सर्वच्या सर्व स्पर्धकांना एका दिवसात घराबाहेर काढण्याचा हा पराक्रम आजवर कोणत्याही प्रेक्षकवर्गाला साधलेला नाही. स्पर्धकांची रवानगी ईगलटन या जवळच्या गोल्फ रिसॉर्टवर झाली, आणि उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी लक्ष घालताच दोन दिवसांच्या आत टाळे निघून सर्वांना वाइल्ड कार्ड, म्हणजे खेळाच्या मध्यावर मिळणारा आगंतुक प्रवेश, एकगठ्ठा मिळाला. सांडपाण्याला तर घर सोडावेच लागले नव्हते.