माकड मालकाच्या जबाबदारीवर

टेक्सासमधल्या एका गृहस्थांनी फेब्रुवारी २०२२मध्ये फेडरल कोर्टात दावा लावला. कारण, माकड गेलं. माकड क्रमांक ३४७५. ‘बोअर्ड एप यॉट क्लब’ नावाच्या चित्रमालिकेत अशी १०,००० कंटाळलेली माकडं आहेत, त्यातलं हे एक. गृहस्थांचं म्हणणं असं की, आम्ही ते विकायला काढलंच नव्हतं. ‘ओपनसी’ या डिजिटल चित्रबाजाराच्या यंत्रणेतल्या भगदाडातून कुणीतरी ते ०.०१ ईथरला, म्हणजे या डिजिटल चलनाच्या तेव्हाच्या भावाने साधारण २६ डॉलरना, उचललं आणि लगोलग ९९ ईथरला विकून मोकळा झाला. नुकसानीचा आकडा सांगताना वकिलांनी जस्टिन बीबरच्या माकडाचा दाखला दिला. बीबरने आपलं माकड जवळपास १३ लाख डॉलरना घेतलं होतं, आणि आमचं माकड त्याच्या माकडापेक्षा दुर्मीळ आहे, असं दाव्यात रीतसर नमूद आहे. हसू नका. वीतभर बांध कोरल्याचे दावे तीन-तीन पिढ्या चालवणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

आता बाजाराची बाजू. जानेवारी २०२२मध्ये गुंतवणूकदारांनी ओपनसीची किंमत १३.३ अब्ज डॉलर ठरवली होती. प्रत्येक विक्रीमागे तेव्हा तिची दलाली होती अडीच टक्के. दलाली घेताना ती बाजारपेठ असते, गुंतवणूकदारांसमोर ती संस्कृतीचं भवितव्य असते. चोरी झाली की मात्र ती निव्वळ एक खिडकी उरते, ज्यातून आपण ब्लॉकचेन नावाच्या मालकीच्या डिजिटल नोंदवहीकडे बघत होतो. आपल्याकडच्या पे-अँड-पार्कच्या पोऱ्याला हे तत्त्वज्ञान कधीच कळलं होतं. पैसे घेऊन पावती फाडतो, आणि पावतीच्या मागे छापलेलं असतं, ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’. ओपनसीची पावती म्हणजे वापराच्या अटी. त्यात भरपाईची कमाल मर्यादा म्हणून १०० डॉलर, किंवा त्या मालावर कंपनीने घेतलेलं शुल्क, यांतली मोठी रक्कम. शिवाय कोर्टात यायचं नाही, लवादाकडे जायचं. आणि चार जणांनी मिळून तर यायचंच नाही, एकेकट्याने यायचं.

त्या जानेवारीत झालेला घोळ तर मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. विक्रीची जाहिरात मागे घ्यायची तर ब्लॉकचेनवर शुल्क मोजावं लागे. लोकांनी शक्कल लढवली: माकड आपल्याच दुसऱ्या वॉलेटमध्ये, म्हणजे डिजिटल पाकिटात, हलवलं. पडद्यावरून जाहिरात गेली, मालक निश्चिंत झाला. आत मात्र जुना भाव जिवंत होता. पुढे माकडांचे भाव शंभरपट चढले, मालकाने माकड पुन्हा पहिल्या वॉलेटमध्ये आणलं, आणि टपून बसलेल्यांनी ते जुन्या भावात नेलं. कंपनीने नंतर सुमारे १८ लाख डॉलर परत केले. दिले हे खरं. पण ते देणं लागत होतो म्हणून दिले की मन मोठं म्हणून, हे अधांतरीच राहिलं, आणि वकिलांची फी त्याच अधांतरावर चालते.

महिनाभरात दुसरा प्रकार. कंपनीने खातेदारांना सांगितलं, आपल्या जाहिराती नव्या करारावर हलवा. लोक हलवाहलवीत गुंतलेले असताना १९ फेब्रुवारीला भामट्यांनी अर्धवट कोऱ्या करारांवर घेतलेल्या १७ जणांच्या सह्या वापरून माल लंपास केला. ओपनसीचे प्रमुख डेव्हिन फिन्झर यांनी तातडीने खुलासा केला की हे फिशिंग, म्हणजे बनवाबनवी करून घेतलेल्या सह्या, आहे, आमच्या संकेतस्थळावरून झालेलं नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीच्या ईमेल-ठेकेदाराच्या कर्मचाऱ्याने खातेदारांचे पत्ते बाहेर पोचवले. तेव्हा दोष ठेकेदाराचा निघाला. वर्षभर आधी ‘निफ्टी गेटवे’ या दुसऱ्या बाजारात खाती फोडली गेली होती, तर तिथे खातेदारांनी दुहेरी पडताळणी चालू केली नव्हती म्हणे.

ऑगस्ट २०२२मध्ये मात्र ओपनसीने कहर केला. चोरीचा माल म्हणून एखादी वस्तू गोठवायची, तर तक्रारदाराने सात दिवसांत पोलिसांत तक्रार दिल्याचा पुरावा आणावा. नाहीतर वस्तू पुन्हा विक्रीला खुली. सरकार नको, बँक नको, मधला माणूस नको, असं म्हणत निघालेली क्रांती सातव्या दिवशी ठाणे अंमलदारासमोर बाकड्यावर येऊन बसली! नियम जगभरच्या खातेदारांना सारखाच. तेव्हा समजा, मालाडच्या एखाद्याचं माकड गेलं.

“काय गेलं?”

“माकड, साहेब.”

“वनखात्यात जा.”

“चित्र आहे साहेब, माकडाचं.”

“कुठंय?”

“हे काय, मोबाईलमध्ये.”

“आहे की मग.”

“चित्र आहे. मालकी गेली.”

“मालकीचा कागद?”

“ब्लॉकचेनवर. तिथं आता दुसऱ्याचं नाव आहे.”

“नाव काय त्याचं?”

“शून्य एक्स, सात, एफ, तीन, बी...”

“सही कुणी केली होती?”

“मीच केली, साहेब.”

“मग चोरी कसली? जा, चहा घ्या.”

अंमलदारांनी कायद्याची पदवी न घेता कंपनीच्या वकिलांचा सगळा युक्तिवाद चार ओळींत बसवला.

न्यायाधीश मात्र अंमलदारांपेक्षा उदार निघाले. मार्च २०२२मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दोन चोरलेल्या डिजिटल चित्रांना मालमत्ता मानलं, ‘अज्ञात व्यक्तीं’विरुद्ध मनाई हुकूम काढला आणि ओपनसीला सांगितलं, त्या वॉलेटांमागे कोण आहे ते कळवा. मे महिन्यात सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने एका माकडासाठी असाच मनाई हुकूम दिला. प्रतिवादीचं खरं नाव कुणालाच ठाऊक नसल्याने तिथे तो ‘शेफपिएर’ या टोपणनावानेच हजर. म्हणजे गैरहजर.

राहता राहिला समन्स बजावण्याचा प्रश्न. ना नाव, ना पत्ता, बेलिफने जायचं कुठे? त्याच उन्हाळ्यात क्रिप्टो-चोरीच्या प्रकरणांत न्यूयॉर्क आणि लंडनच्या न्यायालयांनी मार्ग काढला: समन्सचंच टोकन करा आणि संशयिताच्या वॉलेटमध्ये टाका. चोराच्या संग्रहात आणखी एका डिजिटल वस्तूची भर पडली, तीही फुकट आणि अस्सल, न्यायालयाच्या परवानगीने काढलेली. उद्या त्याने ती विक्रीला काढलीच, तर दलाली कुणाची, याबद्दल मात्र वापराच्या अटींत कसलीही संदिग्धता नाही.