चेनपुढे टिक मारणाऱ्या साहेबांस

मा. सर्व्हिस ॲडव्हायझर साहेब,


आपल्या जॉब कार्डाची प्रत समोर ठेवून हे पत्र लिहीत आहे. कार्ड देखणं आहे. ‘चेन : क्लीन, ल्युब, ॲडजस्ट’ या तिन्ही कामांना मिळून आपण एकच टिक मारली आहे, आणि तिचं शेपूट पुढे ‘ब्रेक’च्या रकान्यापर्यंत गेलं आहे. एका फटकाऱ्यात एवढं काम उरकणारा हात मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्या टिकेच्या भरवशावर आईला मागे बसवून मी चिपळूणहून पाटणला निघालो. कुंभार्ली घाटात, ऐन चढावर, खालून खाडकन आवाज आला, इंजिन किंचाळलं आणि गाडीतला जीवच गेला. ॲक्सिलरेटर पिळावा तसं इंजिन आणखी ओरडायचं, चाक मात्र ढिम्म. चढ असल्यामुळे गाडी मागे सरकू लागली आणि मागे मालाने भरलेला ट्रक होता. ब्रेक लागले. त्यांना आपल्याकडे कोणी हात लावला नसावा. ट्रकवाल्याने हॉर्न न वाजवता गाडी थांबवली आणि खाली उतरून आधी आईला रस्त्याच्या कडेला नेलं. चेन मागे डांबरावर पडली होती.

घाटातल्या टपरीवाल्याने फोन करून खालच्या गावातला एक फिटर बोलावला. तो पिशवी घेऊन आला, चेन हातात घेऊन माळेसारखी ओढत गेला आणि म्हणाला, “चेनला काय धाड भरलीय? लॉक उडालंय.” चेनची दोन टोकं जोडणाऱ्या त्या लॉकची पट्टी नव्हती, तिच्याखालची प्लेट नव्हती, बाकीची कडी न् कडी शाबूत. त्याने मला विचारलं, “सर्व्हिसिंग नुकतंच केलं ना?” जॉब कार्ड न बघता त्याने हे ओळखलं, साहेब.

त्याच्या पिशवीत नवं लॉक होतं. ते बसवायला घेतलं तर चेनची दोन टोकं एकमेकांना भेटेनात. शेवटी त्याने मागच्या ॲक्सलचा नट सोडला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर ढिले केले आणि चाक चांगलं पुढे ढकललं, तेव्हा कुठे टोकं जुळली. म्हणजे चेन आपण किती ताणली होती, याचा पंचनामा भर घाटात, ट्रकवाल्याच्या साक्षीने झाला. मग त्याने पट्टीचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवलं आणि मला मुद्दाम दाखवलं. उलटी बसवली तर उघडं तोंड पुढे येतं, काही घासलं की पट्टी निसटते, मग प्लेट सरकते, मग पिन. एवढी साधी गोष्ट आहे, आणि तिला संगणक लागत नाही.

आता आपल्या ‘ॲडजस्ट’विषयी. आपल्याकडे चेन बघतात ती गाडी मधल्या स्टँडवर असताना, रिकामी. रस्त्यावर या वाहनावर माणसं बसतात, ही बाब नम्रपणे आपल्या कानावर घालतो. माणसं बसली की शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि मागचा स्विंगआर्म वर येतो. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की दोन्ही स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं. चेनला ढील ठेवायची ती याच क्षणासाठी. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ती २० ते ३० मि.मी. लिहिली आहे, आणि पुस्तिका आपल्याच काउंटरवरून मिळाली होती. ही ढील आधीच खाऊन टाकली तर प्रत्येक खड्ड्यात चेन लॉकला ओढते, गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगला ओढते, मागच्या चाकाच्या बेअरिंगला ओढते. आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांची टंचाई नाही.

तरीही चेन ताणतात, कारण ताणलेली चेन वाजत नाही. ग्राहक गाडी घेऊन फाटकाबाहेर पडेपर्यंत कसं शांत, मखमली वाटतं. सर्व्हिसिंग छान झालं म्हणून तो खूश होतो आणि मोजपट्टी न काढता कामही होतं. खरं तर चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून चाक फिरवत ठिकठिकाणी ढील बघायची आणि जिथे ती सर्वांत कमी, ती जागा धरून मोजायचं. त्याला वेळ लागतो. टिकेला लागत नाही.

मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्डने १८८० साली बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. आज माझ्या गाडीवर जी आहे ती मूळ कल्पनेने तीच. तेव्हापासून ती बिचारी दोनच गोष्टी मागते आहे, थोडं तेल आणि थोडी मोकळीक. तेल मी घालत होतो.

आपला खुलासा मिळाला. “सर, चेन कंझ्युमेबलमध्ये येते, वॉरंटीत बसत नाही.” आणि वर, “गाडी जरा रफ चालवता का?” आईला मागे घेऊन घाट चढताना कोण रफ चालवतो, साहेब? बिलात टेफ्लॉन कोटिंग न विचारता लावलंत, टाकीवर ओरखडा पाडलात, पेट्रोल कमी केलंत, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते रीतीप्रमाणे आहे.

पण एक सांगतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकायला लावलं आहे. त्यामुळे आईचा पदर सुरक्षित होता. आई एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसते, आपल्याकडच्या अनेक बायका बसतात तशी, डावीकडे. माझ्या गाडीची चेनही डावीकडेच आहे, वरून अर्धवट झाकलेली. तुटलेली चेन मागे पडली म्हणून पडली. ती आईच्या घोट्यावर बसली असती तर? तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन इंजिनचं केसिंग फोडते, चाक जागच्या जागी जाम करते, हे आपल्या वर्कशॉपमधल्या कुठल्याही माणसाला माहीत आहे. उतारावर, वेगात, वळणावर झालं असतं तर? तेव्हाही कंझ्युमेबलच म्हणाला असतात? कोणाला?

हे सगळं तोंडावर बोलायला मी आपल्याकडे आलो होतो. आपण फोनवर होतात. पलीकडून कोणीतरी आपल्याला कोटिंग किती विकली ते विचारत होतं आणि आपण “करतो सर, करतो सर” म्हणत होतात. फोन ठेवून माझ्याकडे वळलात आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, “सर, कंपनीचा फोन येईल, प्लीज दहापैकी दहाच द्या. नऊ दिले तरी मला बोलणी बसतात.” शर्टाची इस्त्री कडक होती आणि डोळे झोपेला आलेले. आत काचेपलीकडे एक पोरगा हातातली गाडी संपायच्या आत पुढची ओढत होता. त्याच्या डोक्यावर घड्याळ आणि तुमच्या डोक्यावर टार्गेट. कोटिंगचा हिशेब होतो, चेन नीट मोजल्याचा कुठेच होत नाही, तेव्हा त्याने मोजावी तरी कशाला? मी ठरवून आणलेलं निम्मं बोलणं तिथेच गिळलं. उरलेलं इथे लिहिलं आहे.

फोन आला. मी शून्य दिलं, आणि का दिलं ते विचारल्यावर तुमचं नाव घेतलं नाही, मोजायला वेळ न देणाऱ्यांचं घेतलं. पलीकडच्या मुलीच्या यादीत तो पर्याय नव्हता.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी आपल्याकडेच आणणार आहे, वॉरंटीसाठी आणावीच लागते. कोटिंग करू नका, धुवूही नका. आतल्या त्या पोराला माझ्या चेनसाठी वीस मिनिटं द्या, मी गाडीवर बसतो, त्याला खालून मोजू दे. पैसे कोटिंगचेच लावा.

आपला,
एक ग्राहक